केमो झाली, घरी आलो. आता पुढचे एकवीस दिवस

ओपीडीत डॉक्टर विचारतात, “काय आजी, काही त्रास?” आजी पदर सावरून म्हणतात, “नाही साहेब, बरं आहे.” शेजारी उभ्या सुनेला माहीत असतं की आठवडाभर पेजेपलीकडे पोटात काही गेलेलं नाही, तोंड आलंय, आणि परवा रात्री संडासला जाताना भिंत धरावी लागली. पण मोठ्यांच्या मध्ये बोलायचं कसं, म्हणून तीही गप्प. डॉक्टर पुढची केमो आहे त्याच डोसने लिहून देतात.

कॅन्सरच्या उपचारात मुकाट सोसण्याचा काहीएक फायदा नसतो. उलट्यांवर औषध आहे, तोंड येण्यावर आहे, जुलाबावर आहे. एक औषध लागू पडलं नाही तर दुसरं असतं, आणि त्रास फारच झाला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा चार दिवस पुढे ढकलतात. हे सगळं त्यांना कळलं तरच. घरच्या माणसांचं निम्मं काम एवढंच: काय झालं, कधी झालं, किती झालं, हे नीट सांगणं.

इथे मी मुख्यतः दर एकवीस दिवसांनी डे-केअरमध्ये केमो घेऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिते आहे, कारण पहिल्यांदा या फेऱ्यात सापडलेल्या घरांची सगळ्यात जास्त धांदल तिथेच उडते. तुमची केमो दर आठवड्याची किंवा पंधरा दिवसांची असेल तर दिवसांचं गणित थोडं बदलेल. ते डॉक्टरांना विचारून घ्या. शेक, म्हणजे रेडिएशन, त्याबद्दल शेवटी.

पहिली सलाईन लागण्याआधी

औषधांची नावं लिहून घ्या. “लाल औषध” आणि “पांढरं औषध” एवढ्यावर भागत नाही. कुठल्या औषधाचा त्रास कुठे होतो हे ठरलेलं असतं. लाल औषध बहुतेक वेळा डॉक्सोरुबिसिन असतं. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. सिस्प्लॅटिनने उलट्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत लांबतात, आणि मूत्रपिंड व कान सांभाळावे लागतात. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टिन हातापायांच्या नसांवर जातात. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्या माणसाला पुढचे काही दिवस फ्रिजचं पाणी प्यायलं किंवा स्टीलचा गार तांब्या हातात धरला तरी घशात आणि बोटांत काटे टोचल्यासारखं होतं. हे आधी माहीत असेल तर घाबरगुंडी होत नाही.

दुसरं, रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा तो नंबर. वॉर्डचा, कॅज्युअल्टीचा, कुणाचाही. पण उचलला जाणारा हवा. तो लिहून घेतल्यावर तिथेच उभं राहून एकदा लावून बघा.

तिसरं, दात. किडलेला दात, हलणारा दात, टोकदार कडा जे काही असेल ते केमोआधी दंतवैद्याला दाखवा. डोक्या-मानेला शेक बसणार असेल तर हे टाळून चालणारच नाही. का, ते पुढे येईल.

चौथं वयावर अवलंबून आहे. तरुण रुग्ण असेल, पुढे मूल हवं असेल, तर वीर्य किंवा बीजांडं गोठवून ठेवायचं केमो सुरू होण्याआधीच विचारायचं असतं. आपल्याकडे सासू-सासऱ्यांसमोर हा विषय निघत नाही, आणि मग वेळ निघून जाते. नवराबायकोने दोघांनीच डॉक्टरांकडे पाच मिनिटं मागावीत. उपचार चालू असताना गर्भ राहू द्यायचा नाही, हेही त्याच वेळी बोलून घ्यावं.

घरात आणून ठेवायच्या वस्तू फार नाहीत: डिजिटल थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, लहान मुलांचा मऊ ब्रश, खायचा सोडा, लिहून दिलेल्या गोळ्या आणि शंभर पानी वही.

वही आणि दिवसांचा हिशेब

केमोचा दिवस हा पहिला. तिथून प्रत्येक पानावर दिवसाचा आकडा घाला. रोज तीन ओळी पुरेत: ताप किती, पोटात काय गेलं, संडास किती वेळा. वेगळं काही झालं तर चौथी ओळ. आठवड्यातून एकदा वजन.

केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारते. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, आणि आपल्या हाडांतला मगज, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळंही तशीच असतात. म्हणून त्रास नेमका तिथे होतो, आणि तोही साधारण ठरल्या वेळी. पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकवा. पाचव्या दिवसाच्या आसपास तोंड येऊ लागतं. सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यानंतर हळूहळू अंगात त्राण येतं, चव परतते, आणि माणूस जरा माणसात येतो तोवर पुढची केमो उभी असते.

पहिल्या फेरीची वही दुसऱ्या फेरीत फार उपयोगी पडते. आमच्या आत्याला प्रत्येक वेळी चौथ्या दिवशी रडू यायचं. नवव्या दिवशी तीच बाई भाजीवाल्याशी भाव करत असायची. तिसऱ्या फेरीला आम्ही चौथ्या दिवशी कुणाला भेटायलाच बोलावलं नाही. पुढे कळलं की उलटीसाठी दिलेलं स्टेरॉइड तिसऱ्या दिवशी बंद होतं, आणि त्यानंतर असं मन खचणं बऱ्याच जणांना होतं.

ओपीडीत जाताना वही घेऊन जा आणि सरळ वाचून दाखवा. “पाचव्या ते नवव्या दिवशी दिवसाला सहा वेळा जुलाब” असं सांगितलं की डॉक्टर मान वर करून ऐकतात.

ताप: इथे थांबायचं नाही

बाकीचे बरेचसे त्रास सकाळपर्यंत थांबू शकतात. ताप नाही.

पांढऱ्या पेशी कमी असताना शरीराकडे लढायला सैन्य नसतं. एरवी जंतुसंसर्ग झाला की पू होतो, सूज येते, लाल होतं. ते सगळं पांढऱ्या पेशी करतात. त्या नसल्या तर ताप ही एकच खूण दिसते, आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून साधारण नियम असा आहे: १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, एकदा जरी दिसला तरी फोन करायचा आणि निघायचं. काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा, कमी निघाला तर सलाईनमधून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं.

मोजायचं कसं? जिभेखाली. पाणी, चहा घेतल्यावर वीस मिनिटं थांबून. तोंड आलं असेल तर काखेत. पण काखेतला आकडा साधारण अर्धा ते एक अंश कमी दाखवतो, तेव्हा तिथे ९९.५ दिसला तरी दुर्लक्ष करू नका. गुदद्वारातून मोजायचं नाही. हात लावून “कसर वाटते” म्हणणं हे मोजणं नव्हे. आणि हुडहुडी भरली, दात वाजले, माणूस बरळायला लागला, तर थर्मामीटर काहीही दाखवो, निघायचं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. अंग दुखतंय, कणकण आहे, म्हणून आधी क्रोसिन दिली जाते. पॅरासिटामॉल वाईट औषध नाही, पण ते आकडा खाली आणतं आणि आजार तिथेच राहतो. आधी मोजा, वहीत लिहा, फोन करा. गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर सांगतील. काउंट वाढवायचं इंजेक्शन केमोनंतर दुसऱ्या दिवशी घेतलं असेल तर कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं, आणि त्यासाठीही हीच गोळी लिहून दिलेली असते. तेव्हासुद्धा प्रत्येक गोळीआधी ताप मोजायचाच.

मोठं हॉस्पिटल दूर असेल तर? परळला केमो आणि घर सांगोल्याच्या पुढे, अशी कितीतरी घरं आहेत. अशा वेळी रात्रीची गाडी धरून मुंबईला निघायचं नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जिथे सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, आणि सलाईन दोन्ही रात्री होतं ते हॉस्पिटल आधीच हेरून ठेवा. फाइलच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात कागद चिकटवा: केमो चालू आहे, शेवटची केमो अमुक तारखेला, औषधं ही, मूळ हॉस्पिटलचा नंबर हा. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य “ताप आलाय” असं सांगू नका. “केमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप १०१” असं सांगा. नुसत्या तापाला रांगेत बसवतात. गल्लीतल्या दवाखान्यात कमरेत सुई टोचून घेऊन घरी येणं तर अजिबात नको; प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असतील तर त्या सुईच्या जागी रक्त साकळतं.

प्लेटलेटचं ध्यान वेगळं ठेवा. नडगीवर पिसू चावल्यासारखे बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, न लागताच उठणारे काळेनिळे डाग, काळी संडास, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन. ॲस्पिरिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम यांसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

बाकी खबरदारी साधीच आहे. हात धुणं, आणि सर्दी-खोकल्याच्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवणं. यात दुसरं जास्त अवघड. “आजी झोपल्यात” हे खोटं बोलायला घरातल्या एखाद्या निगरगट्ट माणसाला नेमा.

मळमळ

उलटीची गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची असते. हे वाक्य स्वयंपाकघरात लिहून लावा. लिहून दिलेल्या वेळा मळमळ असो-नसो पाळायच्या. “आज बरं वाटतंय, कशाला उगाच गोळी” असं म्हटलं की संध्याकाळी हमखास बादली आणावी लागते.

साधारण तीन-चार औषधं एकत्र दिलेली असतात. ऑनडॅनसेट्रॉनने पोट घट्ट होतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड; ते सकाळी आणि खाऊन घ्यायचं, नाहीतर रात्रभर टक्क जाग. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चांगलीच चढते, तेव्हा घरी तपासा. उचक्याही लागतात, आणि त्याचं कारण हेच असू शकतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. ॲप्रेपिटंट पहिल्या तीन दिवसांचं असतं. ओलान्झापिनच्या पाकिटावर नेटवर शोधलं तर “मनोविकाराचं औषध” असं दिसतं आणि घरात कुजबुज सुरू होते. ते मळमळीवर फार चांगलं काम करतं म्हणून देतात. झोप येते, म्हणून रात्री घ्यायचं आणि रात्री उठताना हाताला धरायचं.

एवढं करूनही दिवसात दोन-तीनदा उलटी होत असेल, किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर गोळ्यांचा मेळ बदलायला हवा. पुढच्या तारखेची वाट कशाला बघायची?

फोडणीचा वास हा मोठा शत्रू. जिरं-मोहरी तडतडली की पोटात ढवळतं. स्वयंपाक चालू असताना रुग्णाला दुसऱ्या टोकाच्या खोलीत किंवा घराबाहेरच्या ओट्यावर बसवा. अन्न गरम वाफाळतं न देता कोमट किंवा गार द्या, वास कमी येतो. आवडीचा पदार्थ मात्र केमोच्या दिवशी देऊ नका. त्या दिवशी पुरणपोळी खाऊन उलटी झाली तर पुढे वर्षभर पुरणपोळी नको होते.

खाणं, आणि खाण्याबद्दलचे सल्ले

आजारी माणूस घरात आला की सगळ्या गावाला आहारशास्त्र येतं. दूध बंद करा, साखर बंद करा, गहू बंद करा, भात बंद करा. ऐकत गेलं तर ताटात लिंबाची फोड उरेल. साखर खाल्ल्याने कॅन्सर वाढतो म्हणून उपाशी राहिलेल्या रुग्णाचं वजन घटतं, अशक्तपणा वाढतो, आणि केमो पुढे ढकलावी लागते. या दिवसांत खाणं पोटात जाणं महत्त्वाचं.

भूक मेलेली असताना तीन वेळची थाळी समोर ठेवली की माणूस घाबरतो. दर दोन तासांनी वाटीभर द्या. मुगाची पातळ खिचडी वर तूप, मऊ भात आणि वरण, नाचणीची आंबील, रव्याची खीर, उकडलेलं अंडं, पनीर कुस्करून, दाण्याचं कूट घातलेली लापशी. मांसाहारी घरात मासा किंवा चिकनचं पातळ सार. प्रथिनं वाढवायची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक पातळ पदार्थात दुधाची पावडर किंवा भाजलेल्या डाळीचं पीठ चमचाभर मिसळणं. चव लोखंडासारखी लागते अशी तक्रार असेल तर स्टीलचा चमचा काढून टाका आणि आमसूल, लिंबू, पुदिना वापरून बघा. तोंड आलेलं असेल तर मात्र आंबट नको.

कच्चं बंद करायचं का? पूर्वी काउंट कमी असला की फळंसुद्धा बंद करत. तपासून पाहिलं तेव्हा त्या कडक पथ्याने संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही. घरी धुऊन, सोलून खायची फळं, म्हणजे केळं, संत्रं, पपई, बहुतेक रुग्णांना चालतात. नको आहे ते बाहेरचं: पाणीपुरी, उसाचा रस, गाड्यावरची चटणी, कापून ठेवलेली फळं, अर्धवट उकडलेलं अंडं, कालचं उरलेलं. पाणी उकळून. ताक घरचं, ताजं, तापवलेल्या दुधाचं.

आणि काढे. गुळवेल “प्रतिकारशक्ती वाढवते” म्हणून दिली जाते. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. केमोची अनेक औषधं यकृतातूनच निचरा होतात. तिथे आणखी भार टाकून काय मिळवणार? हळद भाजीत असते तेवढी खुशाल खा, कॅप्सूल नको. पपनस काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, तेव्हा विचारून. लपवून तर काहीच देऊ नका. वैद्यांकडे जायचं असेल तर जा, पण पुडीवर काय लिहिलंय ते ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, दाखवा. नावच लिहिलेलं नसेल तर ती पुडी उघडूच नका.

तोंड येणं

केमोने येणारं तोंड नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्सने जाणाऱ्या फोडांसारखं नसतं. गालाच्या आतून, ओठांमागे, घशापर्यंत साल निघाल्यासारखं होतं. त्याची तयारी पहिल्या दिवसापासून करायची.

गुळण्यांचं पाणी असं: एक कप कोमट पाणी, त्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. खाल्ल्यावर प्रत्येक वेळी आणि झोपताना. झणझणणारं बाजारी माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं. ब्रश मऊ, तोही गरम पाण्यात बुडवून आणखी मऊ केलेला. कवळी रात्री काढून ठेवा. मिश्री, तंबाखू, सुपारी बंद. हे लिहिताना मला माहीत आहे की सत्तर वर्षांची आजी पहाटे चुलीपाशी मिश्री लावतेच. तिला ओरडून उपयोग नाही, तिच्यासमोर डॉक्टरांकडून सांगवा.

फोड आल्यावर दुखणं कमी करणारं जेल मिळतं. जेवणाआधी दहा मिनिटं लावलं की चार घास जातात. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला, खरवडल्यावर खाली लाल, तर ती बुरशी असू शकते आणि तिला वेगळं औषध लागतं. पाणी गिळता येत नसेल तर भरती व्हायची वेळ झाली.

५-एफयू नावाचं औषध शिरेतून झटकन देतात तेव्हा तोंडात बर्फाचे खडे धरून ठेवले तर तोंड कमी येतं. नर्सला विचारून करा. मात्र सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ नको.

पोट

जुलाब असोत की पोट घट्ट होणं, दोन्ही लाजेपायी लपवलं जातं.

नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं की फोन. तोवर ओआरएस: मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, थोडं थोडं घोट घेत. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाब थांबवायची गोळी कधी आणि किती घ्यायची हे आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. जुलाब आणि ताप दोन्ही असतील तर गोळी घेऊन घरी बसू नका. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या घरी चालू असताना जुलाब किंवा तोंड जास्त आलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. “कोर्स पुरा करायचा” हा अँटिबायोटिकचा नियम इथे लावू नका.

पोट तीन दिवस साफ झालं नाही तर सांगा. इसबगोल घेतलं आणि पाणी कमी प्यायलं तर उलट बसतं. काउंट कमी असताना एनिमा किंवा गुदद्वारातून औषध स्वतःच्या मनाने नको.

केमोनंतर ४८ तास रुग्णाच्या लघवी-संडासात, उलटीत औषधाचा अंश असतो. भरपूर पाणी टाका, फ्लश दोनदा करा, उलटीची भांडी आणि माखलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिला देऊ नका. रुग्णाला जवळ घेऊन बसायला, एका ताटात वाढायला काहीच हरकत नाही. कॅन्सर लागत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

केस, हात, पाय

ज्या औषधांनी केस जातात, त्यांचे ते पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी जातात. उशीवर झुबके दिसण्याआधी कापून बारीक केले तर पुष्कळ जणींना सोपं जातं, काहींना नाही. ज्याचं त्याने ठरवावं. बहुतेक वेळा केस परत येतात.

हातापायांना मुंग्या, बधिरपणा, ब्लाउजचे हुक लावता न येणं, पायातली चप्पल निसटलेली न कळणं, हे मात्र लगेच सांगायचं, कारण नसांची इजा वाढत गेली तर पूर्ण भरून येत नाही. पाण्याचं तापमान पायाने नाही, कोपराने पाहा.

कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, भेगाळतात, चुरचुरतात. घट्ट चपला, गरम पाणी, कपडे पिळणं टाळा, युरिया असलेलं क्रीम लावा. सांधेदुखीला लावतो ते डायक्लोफिनॅक जेलही विचारून बघा: दिल्लीच्या एम्सने २६४ रुग्णांवर केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना हा त्रास मध्यम किंवा तीव्र झाला, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. साध्या ट्यूबने एवढं होत असेल तर डॉक्टरांना विचारायला काय जातं?

थकवा आणि मन

हा थकवा झोपून जात नाही. विचित्र वाटेल, पण रोज थोडं चालणं यावर सगळ्यात चांगलं काम करतं. अंगणात दहा मिनिटं, झेपेल तसं वाढवत. जिन्यात धाप लागते, छातीत धडधडतं, तर आधी हिमोग्लोबिन बघा.

झोप उडणं, चिडचिड, “मला नको ही केमो” हे तीन आठवड्यांत एकदा तरी होतंच. रोजच होऊ लागलं, बोलणंच बंद झालं, तर त्यालाही उपचार आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं. सांभाळणाऱ्यांनीही हा नंबर वापरावा.

पैसे आणि मुक्काम

दुष्परिणामांवरची औषधं आणि भरती होणं यांचा खर्च लोक धरतच नाहीत, आणि मग पैशांपायी काउंटचं इंजेक्शन टाळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, रेशनकार्ड आणि आधार दाखवून काय-काय बसतं ते पहिल्याच दिवशी विचारा. चौकशीचा नंबर १५५३८८. उपचारासाठी रेल्वेने जाताना कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकालाही सवलत मिळते. फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या जवळ राहायची सोय लागत असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही जुनी ठिकाणं. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. जागेसाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, तेव्हा आधी तिथे जा.

शेक असतील तर

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरला सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक देतात. पहिले दोन आठवडे फारसं काही होत नाही आणि लोक निर्धास्त होतात. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, लाळ चिकट होते, मानेची कातडी काळवंडते. शेक संपल्यावरही आठ-पंधरा दिवस त्रास वाढतच जातो. “संपलं तरी वाढतंय” म्हणून घाबरू नका, पण ओपीडी चुकवू नका.

कातडीवर हळद, चुना, खोबरेल, बाम काही नको; केंद्रात सांगतील तेवढंच. सुती सैल कुडता, कॉलर नको, वस्तरा नको, ऊन नको. आखलेल्या खुणा पुसायच्या नाहीत.

खाणं इतकं कमी होतं की नाकातून नळी घालायची वेळ येते, आणि घरचे तिला शेवटची घंटा समजून नकार देतात. नळी तात्पुरती असते. तिच्यातून पोटात दूध, पेज, डाळीचं पाणी गेलं तर शेकात खंड पडत नाही, आणि शेकात खंड पडणं हेच खरं नुकसान. नळीतून देताना रुग्णाला बसवून, सावकाश, आणि नंतर पाण्याने नळी धुऊन.

जबडा आवळत जातो, म्हणून पहिल्या दिवसापासून तोंड उघडायचा व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरतात आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवतात. किती काड्या बसतात ते वहीत लिहा. कंटाळवाणं आहे, दुखतं, आणि शेक संपल्यावर कित्येक महिने चालू ठेवावं लागतं.

लाळ कमी झाल्याने दात भराभर किडतात. पाण्याची बाटली कायम जवळ, फ्लोराइडची पेस्ट, दर काही महिन्यांनी दंतवैद्य. आणि शेक बसलेल्या जबड्यातला दात, मग पाच वर्षं होवोत की पंधरा, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू द्यायचा नाही. तिथलं हाड भरून येत नाही आणि सडू शकतं. नव्या दंतवैद्याला हे आपणहून सांगा. शेकाचा जुना कागद लॅमिनेट करून फाइलमध्ये ठेवा, तो दाखवला की पुरे.